सही करणारा हात

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने १२ नोव्हेंबर २०२३ रोजी अमेरिकी फुटबॉलचे प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढून टाकलं. त्यासाठी विद्यापीठाच्या डोक्यावर सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई बसली. त्या वेळच्या दराने हे सहाशे तीस कोटी रुपये होतात. त्यातले १ कोटी ९० लाख डॉलर साठ दिवसांच्या आत, उरलेले दरवर्षी ७२ लाख, २०३१ पर्यंत. फिशर यांनी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे नोकरी धरली असती तरी यातला एक डॉलर कमी होणार नव्हता, हेही करारात लिहिलेलं.

त्या आठवड्यात ज्याने त्याने फिशर यांना लोभी म्हटलं. मला ते पटलं नाही. समोर आलेला कागद त्यांनी घेतला, एवढंच. तो कागद कुणी तयार केला, त्यावर सही कुणी केली आणि सही करणाऱ्याचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. मी विचारलं. उत्तर हाती आलं तेव्हापासून माझा संताप वाढतच गेला आहे.

अमेरिकी विद्यापीठात खेळांचा सगळा कारभार ज्याच्या हाती असतो त्याला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणतात. मराठी वाचकाने इथे कॉलेजचा जिमखाना डोळ्यांपुढे आणू नये. ए अँड एमच्या काइल फील्डवर १ लाख २ हजार ७३३ माणसं बसतात. आपल्या वानखेडेवर तेहतीस हजारांच्या आसपास. दूरचित्रवाणीचे करार, तिकिटं, देणग्या मिळून मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांची वर्षाची उलाढाल पंधरा-वीस कोटी डॉलरच्या घरात जाते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, वैद्यकीय महाविद्यालयाचा अधिष्ठाताही नसतो. तो फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. त्याला निवडणारा माणूस म्हणजे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. त्याची सगळ्यात मोठी परीक्षा हीच.

मी बावीस वर्षं अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत संख्याशास्त्र शिकवतो आहे. हा खेळ मला मनापासून आवडतो. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, पहाटे पाचला व्यायाम करून आठच्या तासाला येणारी फुटबॉलची पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्या जिवावर चाललेला हा व्यवहार कुजलेला आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही.

तर त्या सह्यांकडे येऊ. फिशर यांना २०१७च्या डिसेंबरात दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा, पै न् पै हमीचा करार दिला तो स्कॉट वुडवर्ड यांनी. २०१९ मध्ये वुडवर्ड लुइझियाना स्टेट विद्यापीठात, म्हणजे एलएसयूत गेले. त्यांच्या जागी आलेल्या रॉस ब्योर्क यांनी २०२१ मध्ये, मूळ कराराची सहा वर्षं शिल्लक असताना, तो करार २०३१ पर्यंत वाढवला आणि पगार वर्षाला नव्वद लाखांवर नेला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. दोन वर्षांनी फिशर यांची हकालपट्टी झाली आणि त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ओहायो स्टेटने ब्योर्क यांना आपले अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणून निवडलं. या खेळात ओहायो स्टेटपेक्षा मोठं घर शोधून सापडणार नाही. सहाशे तीस कोटींच्या चुकीनंतर माणसाला बढती मिळाली.

आणि ब्योर्क यांची रिकामी खुर्ची ए अँड एमने दिली नेब्रास्काच्या ट्रेव्ह अल्बर्ट्स यांना. अल्बर्ट्स यांनी ११ सप्टेंबर २०२२ रोजी आपले प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढलं होतं. फ्रॉस्ट यांची भरपाई तेव्हा दीड कोटी डॉलर होती. १ ऑक्टोबरला ती निम्म्यावर, पंचाहत्तर लाखांवर येणार होती, आणि ही सवलत अल्बर्ट्स यांनीच आदल्या वर्षी करारात घालून घेतली होती. वीस दिवस दम धरवला नाही. एका सरकारी विद्यापीठाने वीस दिवसांच्या अधीरतेपोटी पंचाहत्तर लाख डॉलर मोजले, आणि तो निर्णय घेणारा माणूस दीड वर्षाने आणखी श्रीमंत विद्यापीठात जाऊन बसला.

२०२१च्या नोव्हेंबरातला शेवटचा आठवडा तर या धंद्याचा पंचनामाच आहे. २३ तारखेला पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिन यांना दहा वर्षांचा, सुमारे साडेसात कोटी डॉलरचा करार दिला. २४ला मिशिगन स्टेटने मेल टकर यांना दहा वर्षांचे साडेनऊ कोटी दिले, तेही एका चांगल्या हंगामाच्या बळावर आणि दोन धनाढ्य देणगीदारांनी पैसे पुढे केले म्हणून. आठवडा संपायच्या आत एलएसयूत वुडवर्ड यांनी नोत्र दामच्या ब्रायन केली यांना दहा वर्षांचे साडेनऊ कोटी देऊन आणलं. आज या तिघांतला एकही त्या जागेवर नाही. टकर यांना २०२३च्या सप्टेंबरात लैंगिक छळाच्या तक्रारीनंतर बडतर्फ केलं. फ्रँकलिन १२ ऑक्टोबर २०२५ला गेले, केली त्यानंतर दोन आठवड्यांनी. दहा-दहा वर्षांचे तीन करार, आणि चार वर्षं पुरी व्हायच्या आत तिन्ही मोडीत.

यातला फ्रँकलिन यांचा हिशेब मुद्दाम सांगतो. त्यांची भरपाई पाच कोटी डॉलरच्या जवळ जात होती. पण त्यांच्या करारात एक साधं कलम होतं: दुसरी नोकरी मिळाली की तिथला पगार या रकमेतून वजा होणार. सुमारे महिनाभराने त्यांनी व्हर्जिनिया टेकची नोकरी धरली आणि पेन स्टेटचं देणं तडजोडीने नव्वद लाखांवर आलं. एका कलमाने चार कोटी डॉलर वाचवले. ते कलम फिशर यांच्या करारात घालायला वुडवर्ड यांना काय अडचण होती? ब्योर्क यांनी मुदत वाढवली तेव्हा त्यांना काय अडचण होती? घासाघीस करायला दोघांकडे वकील होते, वेळ होता. पण पैसा आपला नव्हता, आणि बिल येईल तेव्हा आपण या खुर्चीत नसू हेही ठाऊक होतं. आपली भाषा याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणते.

निवड कशी होते, ते मी आतून पाहिलं आहे. माझ्या एका जुन्या विद्यापीठात नव्या प्रशिक्षकासाठी निवड समिती नेमली गेली आणि प्राध्यापकांचा प्रतिनिधी म्हणून माझं नाव घातलं गेलं. त्या समितीची एकच बैठक झाली, चाळीस मिनिटांची. उमेदवार शोधून देणाऱ्या एका सल्लागार कंपनीचा माणूस आला, त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, 'संस्कृती', 'नेतृत्व' असे शब्द उच्चारले आणि एकाही उमेदवाराचं नाव घेतलं नाही. मी विचारलं, अर्ज कुठे आहेत? उत्तर मिळालं, गोपनीयता. पाच दिवसांनी संध्याकाळी मला फोन आला: उद्या दहाला पत्रकार परिषद आहे, पाठिंब्याचं एक वाक्य द्याल का? नाव मला आधीच कळलं होतं. एका देणगीदाराचं खासगी विमान कुठल्या गावाहून कुठे गेलं, हे माझ्या विद्यार्थ्याने मोबाइलवर शोधून काढलं होतं. मी वाक्य दिलं नाही. माझ्या नावाविनाही समितीने 'एकमताने' शिफारस केल्याचं छापून आलं.

त्याच वर्षी माझ्या विभागात सहायक प्राध्यापकाची एक जागा भरायची होती. दोनशेच्या वर अर्ज आले. आम्ही प्रत्येकाचे शोधनिबंध वाचले, शिफारसपत्रं तपासली, तिघांना दोन-दोन दिवस बोलावून व्याख्यानं घेतली. सात महिने लागले. पगार वर्षाला लाख डॉलरच्याही आत. नाव नक्की झालं आणि वरून पत्र आलं की नव्या नेमणुका गोठवल्या आहेत. त्या उमेदवाराला नकार कळवायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या प्रशिक्षकाची भरपाई मात्र त्या महिन्यात ठरल्याप्रमाणे गेली. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

अ‍ॅथलेटिक डायरेक्टरची बाजू घेणारे म्हणतात, त्याच्या हातात असतं काय? खरी सत्ता विश्वस्तांची, देणगीदारांची, राजकारण्यांची. हे अर्धं खरं आहे. ऑबर्नमध्ये २००३च्या नोव्हेंबरात विद्यापीठाचे अध्यक्ष, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आणि दोन विश्वस्त खासगी विमानाने लुइव्हिलचे प्रशिक्षक बॉबी पेट्रिनो यांना गुपचूप भेटायला गेले. त्यांचे स्वतःचे प्रशिक्षक टॉमी टबरव्हिल तेव्हा पदावर होते आणि दोन दिवसांनी अलाबामाविरुद्धचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना होता. बोभाटा झाला, अध्यक्षांना पद सोडावं लागलं, टबरव्हिल राहिले आणि पुढच्या हंगामात त्यांचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकला. चार शहाणी माणसं विमानात बसून ज्याला काढायला निघाली होती, त्याचा हा निकाल! टबरव्हिल पुढे अमेरिकी सिनेटवर निवडून गेले, इतकं हे मैदान आणि ते राजकारण एकमेकांत गुंतलेलं आहे.

टेनेसीचा प्रकार याच्या उलट आणि तेवढाच लाजिरवाणा. २०१७च्या नोव्हेंबरात तिथले अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जॉन करी यांनी नवे प्रशिक्षक म्हणून ग्रेग शियानो यांच्याशी समझोत्याच्या कागदावर सही केली. बातमी फुटताच चाहते रस्त्यावर उतरले, राज्याच्या विधिमंडळातले सदस्य जाहीर विरोध करू लागले, आणि दिवस मावळायच्या आत सही केलेला शब्द विद्यापीठाने गिळला. आठवडा संपेपर्यंत करी यांचीही उचलबांगडी झाली. जेमतेम आठ महिने ते त्या पदावर होते. जाताना त्यांना पंचवीस लाख डॉलर मिळाले.

राजकारण्यांचा हात म्हटला की लुइझियानाला पर्याय नाही. १९३४ मध्ये ह्यूई लाँग या राज्याच्या सर्वेसर्वा नेत्याला मध्यंतरात खेळाडूंपुढे भाषण ठोकायचं होतं. एलएसयूचे प्रशिक्षक बिफ जोन्स यांनी नकार दिला आणि नोकरी सोडली. नव्वद वर्षं उलटली तरी गाडं तिथेच आहे. केली यांना काढल्यावर राज्यपाल जेफ लँड्री यांनी जाहीर सांगितलं की पुढचा प्रशिक्षक वुडवर्ड निवडणार नाहीत, त्यापेक्षा डोनाल्ड ट्रम्प यांना निवडू देईन. एक-दोन दिवसांत वुडवर्ड गेले. केली यांच्या पाच कोटी चाळीस लाखांच्या भरपाईबद्दल राज्यपाल चिडले ते योग्यच होतं. पण त्या चिडण्यातून नियम काय निघाला? काहीच नाही. महिनाभरात त्याच एलएसयूने मिसिसिपी विद्यापीठाच्या, म्हणजे ओल मिसच्या लेन किफिन यांच्याशी सात वर्षांचा, वर्षाला सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरचा करार केला. किफिन यांचा संघ तेव्हा अकरा विजय मिळवून राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या दारात उभा होता. त्या पोरांना तिथेच सोडून प्रशिक्षक निघून गेले. खेळाडूने हंगामाच्या मध्यात असं केलं असतं तर त्याला गद्दार म्हटलं असतं.

म्हणून म्हणतो, दबाव असतो हे मान्य, पण दबाव झेलण्यासाठीच तर या माणसाला वर्षाला दहा-पंधरा लाख डॉलर पगार मिळतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याने ती खुर्ची सोडावी. ती कुणी सोडत नाही, कारण विश्वस्तांच्या आड लपता येतं, विश्वस्तांना देणगीदारांच्या आड लपता येतं, आणि देणगीदार तर कुणालाच उत्तर द्यायला बांधील नसतो.

या सगळ्यात एक माणूस कधीच हरत नाही, तो म्हणजे एजंट. जिमी सेक्स्टन हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. फिशर त्यांचे अशील, किफिन त्यांचे, फ्रँकलिनही त्यांचेच. एक जागा रिकामी झाली की दहा ठिकाणी कुजबुज सुटते, आणि प्रत्येक विद्यापीठ आपला माणूस जाईल या भीतीने करार वाढवतं. त्यात डिसेंबरच्या सुरुवातीला शाळकरी खेळाडूंना करारबद्ध करण्याची मुदत असते, म्हणून सगळी खरेदी नोव्हेंबरअखेर उरकायची घाई. घाईत असलेला गिऱ्हाईक बाजारात नेहमी लुबाडला जातो. हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही; या विद्यापीठांकडे तर अर्थशास्त्राचे अख्खे विभाग आहेत.

निवडीत रंग दिसतो, हेही सांगायला हवं. २००८ मध्ये ऑबर्नपुढे टर्नर गिल हे नाव होतं. बफेलोसारख्या दुबळ्या संघाला त्यांनी नुकतंच विजेतेपद मिळवून दिलं होतं. ऑबर्नने निवडलं जीन चिझिक यांना, ज्यांची आधीच्या जागेवरची कामगिरी होती पाच विजय, एकोणीस पराभव. गिल कृष्णवर्णीय, चिझिक गोरे. ऑबर्नचे माजी खेळाडू चार्ल्स बार्कली यांनी याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. दोन वर्षांनी चिझिक यांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं हे खरं, आणि आणखी दोन वर्षांनी पंचाहत्तर लाख डॉलर देऊन त्यांना घरी पाठवलं हेही खरं. विजेतेपदाने निवडीची पद्धत न्याय्य ठरत नाही. मैदानावर धावणाऱ्यांत निम्म्याच्या आसपास मुलं कृष्णवर्णीय असतात. मुख्य प्रशिक्षकांत तशी माणसं फार थोडी. संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला हा योगायोग वाटत नाही.

ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०२१ मध्ये हिशेब मांडला: अकरा वर्षांत सरकारी विद्यापीठांनी काढून टाकलेल्या फुटबॉल आणि बास्केटबॉल प्रशिक्षकांना न केलेल्या कामाचे त्रेपन्न कोटी डॉलरहून जास्त दिले. ज्यांच्या खेळावर हे उभं आहे त्या मुलांना मैदानावरच्या कमाईतला थेट वाटा मिळायला १ जुलै २०२५ उजाडावा लागला, तोही न्यायालयीन तडजोडीमुळे, आणि त्यावर एका विद्यापीठामागे पहिल्या वर्षासाठी दोन कोटी पाच लाख डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली. मर्यादा मुलांच्या पैशाला आहे. प्रशिक्षकाच्या भरपाईला कसलीही मर्यादा नाही.

पैसा कमी पडला की कुऱ्हाड कुणावर पडते ते आयोवाने २०२० मध्ये दाखवलं. जूनमध्ये वांशिक वागणुकीच्या तक्रारींनंतर फुटबॉलच्या व्यायाम-प्रशिक्षकाला अकरा लाख डॉलर देऊन निरोप दिला. ऑगस्टमध्ये महासाथीचं कारण सांगून पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, टेनिस आणि पुरुष व महिला दोघांचं पोहणं बंद करण्याची घोषणा केली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मुलींनी कोर्टात धाव घेतली तेव्हा कुठे त्यांचं पोहणं वाचलं.

आणि मेरीलँड. २९ मे २०१८च्या सरावात जॉर्डन मॅकनेर या एकोणीस वर्षांच्या मुलाला उष्माघात झाला. त्याला वेळीच थंड पाण्यात ठेवलं गेलं नाही. १३ जूनला तो गेला. चौकशा झाल्या, अहवाल आले, आणि ३० ऑक्टोबरला विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठरवलं की प्रशिक्षक डीजे डर्किन यांनी पदावर राहावं. विद्यार्थी आणि पालक पेटून उठल्यावर दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी डर्किन यांना काढलं. करारानुसार पन्नास लाख डॉलरहून जास्त त्यांना देणं होतं. २०२५च्या नोव्हेंबरात ऑबर्नने त्यांना हंगामी मुख्य प्रशिक्षक केलं. मी दोन मुलांचा बाप आहे. त्या ३० ऑक्टोबरच्या बैठकीत बसलेली माणसं घरी जाऊन जेवली कशी, हे मला आजही समजत नाही.

'हा कराचा पैसा नाही, देणग्यांचा आणि क्रीडा विभागाच्या कमाईचा आहे,' हे उत्तर ए अँड एमने दिलं, सगळेच देतात. ते उत्तर खोटं आहे. देणगीवर करसवलत मिळते, म्हणजे तेवढा कर इतरांच्या माथी येतो. क्रीडा विभाग कमावतो ते विद्यापीठाच्या नावावर आणि विद्यापीठाच्या जमिनीवर. आणि लहान-मध्यम विद्यापीठांत तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या सक्तीच्या फीमध्येच खेळांचा वाटा असतो. पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून घर गहाण टाकून मुलाला इथे एमएसला पाठवणाऱ्या आईबापांनी फीच्या पावतीवरची प्रत्येक ओळ वाचावी. ज्या मैदानावर तुमचा मुलगा कदाचित एकदाही पाऊल टाकणार नाही, त्याचं देणं तो फेडत असू शकतो.

माझी मागणी साधी आहे. दुसरी नोकरी मिळाल्यावर भरपाई वजा होणार नसेल तर असा करार सरकारी विद्यापीठाने करूच नये. चार वर्षांहून मोठी हमी देऊ नये. सल्लागार कंपनीला किती पैसे दिले आणि तिने कुणाची नावं सुचवली, हे नेमणुकीनंतर जाहीर व्हावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ज्याने करारावर सही केली त्याच्या स्वतःच्या पगारातून आणि बोनसमधून भरपाईचा एक वाटा वसूल व्हावा, तो तोवर कुठल्याही विद्यापीठात गेलेला असो. एवढं एक कलम आलं तर दहा वर्षांची हमी देणारा हात सहीआधी थांबेल.

शेवटचं माझ्या मराठी मित्रांना. या विद्यापीठांतून शिकून आता मोठ्या हुद्द्यांवर पोचलेले तुमच्यापैकी कितीतरी जण दरवर्षी देणगीचा चेक लिहितात. तो जरूर लिहा. पण तो कुठल्या विभागासाठी, कुठल्या शिष्यवृत्तीसाठी हे त्यावर स्पष्ट लिहा, आणि सोबत एक पत्र जोडा. अनेक राज्यांत सरकारी विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचा करार हा सार्वजनिक कागद असतो. त्या पत्रात त्याची प्रत मागा. ती आली की शेवटच्या पानावर जा आणि सही कुणाची आहे ते बघा.